पंच्याऐंशीवा हप्ता

कर्ज संपल्यावर बरोब्बर एका महिन्याने बँकेने पुन्हा हप्ता कापून घेतला, तेव्हा वहिनींना पहिला संशय आला तो नानांच्या दातांचा.

आता हे जरा पहिल्यापासून सांगायला हवं. वहिनींचा कारखाना पदकं, ढाली आणि करंडक बनवायचा. पितळ ओतायचं, ठसा मारायचा, घासूनपुसून चकचकीत करायचं आणि दुसऱ्याच्या गळ्यात जायला पाठवून द्यायचं. सात वर्षांपूर्वी दादांनी, म्हणजे वहिनींच्या यजमानांनी, ठसे मारायच्या मोठ्या यंत्रासाठी बँकेकडून चाळीस लाख काढले. हप्ता चौसष्ट हजार तीनशे छप्पन. हप्ते चौऱ्याऐंशी. दादांचा कागदावर विश्वास नव्हता, लाकडावर होता. त्यांनी त्याच दिवशी ऑफिसच्या भिंतीला एक फळी ठोकली आणि तिच्यावर बारा-बाराच्या सात ओळींत चौऱ्याऐंशी खिळे मारले. हप्ता गेला की एका खिळ्यावर एक पदक अडकवायचं आणि सगळ्यांनी चहा प्यायचा, असा नियम झाला.

पदक अर्थातच बिघडलेलं असायचं. चांगली विकायला लागतात. त्यामुळे फळीवर एकाहून एक वीर लटकत होते. तीन पायांचा धावपटू होता. ठसा तिरका बसल्यामुळे एक पोहणारा सरळ आकाशात निघाला होता. एका पदकावर नुसतंच 'प्रयत्न' असं लिहिलं होतं आणि ते कुणी मागवलं होतं हे कुणालाच आठवत नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी दादा गेले. पदकं लागत राहिली. गेल्या महिन्यात चौऱ्याऐंशीवं लागलं, तेव्हा भावजींनी, म्हणजे दादांच्या धाकट्या भावाने, छोटंसं भाषण केलं. भावजी विक्री आणि माल पाठवणं बघायचे आणि भाषणाची संधी कधी वाया घालवायचे नाहीत. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नाना तेवढे टाळ्या वाजवताना खाली बघत होते. हे वहिनींना तेव्हा दिसलं होतं, पण खुपलं आता.

नाना म्हणजे हिशेबनीस. सव्वीस वर्षं एकाच टेबलाशी बसलेले. दादा गेले त्या आठवड्यात कारखाना बंद पडला नाही तो नानांमुळे. पगाराची पाकिटं वेळेवर निघाली, पितळवाल्याचे पैसे गेले आणि वहिनींनी काही विचारायच्या आत उत्तर टेबलावर हजर असायचं. तेव्हापासून वहिनींचा जगात एकाच माणसावर पूर्ण विश्वास होता. आणि त्या माणसाने गेल्या महिन्यात नवे दात बसवले होते. वरचे, खालचे, सगळे. नवेकोरे, पांढरेशुभ्र. हिशेबनिसाच्या पगारात न बसणारे.

मोबाइलवर पंच्याऐंशीव्या हप्त्याचा मेसेज आला तेव्हा वहिनींनी आधी फळीवरची पदकं मोजली. चौऱ्याऐंशी. मग उजवीकडून मोजली. तेवढीच. मग त्या नानांच्या टेबलाशी गेल्या. नानांनी झटकन खण लावून घेतला.

"नाना, आपलं कर्ज संपलं ना?"

नानांनी तोंडावर हात धरला. दात आल्यापासून ते असंच बोलायचे. "फळीवरचं संपलं, वहिनी," ते म्हणाले आणि हात धुवायला निघून गेले. हात स्वच्छ होते.

वहिनींनी बँकेला फोन लावला. एका यंत्राने गोड आवाजात बाकी सांगितली. तीन लाख शहाऐंशी हजार पाचशे. वहिनींनी त्याला हप्त्याने भागलं. सहा आले, वर चहापाण्यापुरतं काहीतरी उरलं. हिशेब चुकला असता तर असा पुरा भागाकार आला नसता. म्हणजे फळीवर चौऱ्याऐंशी पदकं लागली, पण बँकेत त्यातले काही हप्ते पोचलेच नाहीत. पदक लावताना सगळे बघत होते. हप्त्याचे पैसे खात्यात भरताना एकटे नाना.

"दात कितीला पडत असतील हो भावजी?" त्यांनी विचारलं.

भावजींनी दार लावून घेतलं. त्यांना दार लावून बोलायला फार आवडायचं. "माझ्या मनात होतंच, पण म्हटलं वहिनींना वाटेल मी कान भरतोय."

"भरा. रिकामेच आहेत."

"तो खण बघितलात? सव्वीस वर्षं उघडा असायचा. आता कुलूप असतं. फोन आला की जिन्यात जाऊन बोलतात. आणि डबा."

"डब्याचं काय?"

"जेवण झाल्यावर डबा हलका व्हायला पाहिजे. नानांचा संध्याकाळी सकाळइतकाच जड वाटतो. मी परवा उचलून बघितला."

"तुम्ही त्यांचा डबा का उचललात?"

"संशय होता म्हणून."

"डबा उचलायच्या आधी कसला संशय होता?"

भावजींनी यावर विचार केला. "सर्वसाधारण," ते म्हणाले.

शनिवारी नानांना समोर बसवायचं आणि काय ते तोंडावर विचारायचं असं ठरलं. पैसे खाल्ले असतील तर त्याच दिवशी घरी पाठवायचं. शनिवारला चार दिवस होते. नाना चोर निघू नयेत एवढीच वहिनींची इच्छा होती. पण निघालेच, तर पुराव्यानिशी निघावेत. नुसत्या दातांवरून सव्वीस वर्षांच्या माणसाला घालवलं, तर उद्या कुणी कवळी बसवायला धजणार नाही.

त्यामुळे डबा वजन करायचा ठरला.

माल पाठवायच्या खोलीत इलेक्ट्रॉनिक काटा होता. मंगळवारी नाना यंत्रांच्या बाजूला गेले असताना भावजींनी डबा काट्यावर ठेवला. सातशे चाळीस ग्रॅम. संध्याकाळी पुन्हा ठेवला. सातशे चाळीस ग्रॅम. बुधवारी सकाळी सातशे दहा, संध्याकाळी सातशे दहा.

"म्हणजे माणूस जेवतो," वहिनी हळूच म्हणाल्या, "आणि जेवणाच्या वजनाचं दुसरं काहीतरी रोज बाहेर जातं. ग्रॅमला ग्रॅम जुळवून."

"हिशेबनीस आहेत शेवटी," भावजी म्हणाले. त्यांच्या आवाजात थोडा आदर होता.

त्या दोन दिवसांत वहिनींचं कशातच लक्ष लागलं नाही. ओतकाम करणारा हसला तरी वाटायचं, याला माहीत आहे. पॅकिंगमधल्या दोघी कुजबुजल्या तरी वाटायचं, यांचाही वाटा आहे. घरी त्यांनी आरशात स्वतःचे दात बघितले. गुरुवारी सकाळी त्या उठल्या आणि कुणाला न सांगता थेट बँकेत गेल्या. चोरीला गेलेले हप्ते कोणते, याची यादी त्यांना हवी होती.

बँकेतल्या मॅडमना सर्दी झाली होती. त्यांनी रुमाल नाकाला लावूनच खातं उघडलं आणि पडदा वहिनींकडे वळवला.

"पंच्याऐंशीच्या पंच्याऐंशी हप्ते आलेत. एकही चुकला नाही. एकही उशिरा नाही. तुमचा हिशेबनीस कोण आहे? असं खातं मी बघितलेलं नाही."

वहिनींना आनंद व्हायला हवा होता. पण संशय असा एका वाक्यात जागा सोडत नाही, तो नुसता कूस बदलतो. "मग माझे पावणेचार लाख कुणी खाल्ले?" त्यांनी विचारलं आणि मॅडमकडे जरा रोखूनच बघितलं.

"कुणी नाही. व्याजदर वाढला." मॅडमनी कॅल्क्युलेटर ओढला. "तुमचं कर्ज बदलत्या दराचं आहे. पहिली दोन वर्षं नऊ टक्के होतं. ती संपली तेव्हा तुमचं एकतीस लाख मुद्दल उरलं होतं. त्याचं महिन्याचं व्याज सव्वातेवीस हजार. हप्ता चौसष्ट. म्हणजे एक्केचाळीस हजार मुद्दलातून कमी व्हायचे. बरोबर?"

"बरोबर."

"मग सहा महिन्यांत दर चढत चढत साडेबारावर गेला आणि तिथेच बसला. त्याच मुद्दलाचं व्याज झालं सव्वाबत्तीस हजार. हप्ता मात्र तोच, चौसष्ट. म्हणजे मुद्दलात किती गेले?"

"बत्तीस," वहिनी म्हणाल्या. शाळेत उभं केल्यासारखं वाटत होतं.

"दर महिन्याला नऊ हजार मुद्दलात जायचे ते व्याजात गेले. जे मुद्दल कमी झालं नाही त्याच्यावर पुढे आणखी व्याज. असं पाच वर्षं. हप्ता जागचा हलला नाही, म्हणून महिने वाढले."

"दर कोण वाढवतं?"

"वरून येतो."

"वर कोण?"

"मला पण फक्त परिपत्रक येतं हो," मॅडम म्हणाल्या आणि शिंकल्या.

"आणि हे आम्हाला विचारायची पद्धत नाही?"

"विचारलं होतं ना." मॅडमनी एक जुना कागद काढला. त्यावर दोन चौकोन होते. एकासमोर लिहिलं होतं, दर बदलल्यास हप्ता बदलावा. दुसऱ्यासमोर, हप्ता तोच ठेवून मुदत बदलावी. दुसऱ्या चौकोनात ठळक खूण होती आणि खाली सही.

"ही सही खोटी आहे," वहिनी ताबडतोब म्हणाल्या. कारण सही त्यांचीच होती.

त्यांनी कोरा कागद मागून त्यावर दहा वेळा सही करून बघितली. दहाही वेळा शेवटच्या अक्षराची शेपटी तशीच वर गेली. तारीख बघितल्यावर मात्र सगळं आठवलं, आणि न आठवतं तर बरं झालं असतं. 'सुरक्षितता आधी' ही पाटी लावताना दादा शिडीवरून पडले होते, पाय मोडून घरी होते, आणि त्या दिवशी तीनशे करंडक निघायचे होते. नाना पत्र घेऊन आले होते. वहिनी, दोन पर्याय आहेत, एकदा ऐकून घ्या, म्हणाले होते. वहिनींच्या तोंडात चिकटपट्टीचं टोक होतं. ते काढून त्या एवढंच म्हणाल्या होत्या की हप्ता वाढवायचा नाही, बाकी काय वाटेल ते करा. सही त्यांनी खोक्यावर टेकून केली होती.

म्हणजे तीन दिवस त्या ज्या माणसाला शोधत होत्या, तो सापडला होता आणि त्याच्या हातात बँकेचं पेन होतं.

कारखान्यात परतल्या तर भावजी अचानक वसुलीसाठी बाहेरगावी गेले होते. नाना टेबलाशी बसले होते. टेबलावर एक कागद होता, आणि कागदाच्या माथ्यावर एक स्टिकर चिकटवलेलं होतं. 'वजन ०.७१० किलो. नाजूक माल. ही बाजू वर.'

वहिनींना उलगडा व्हायला वेळ लागला नाही. काटा वजन केलं की आपोआप स्टिकर छापतो, आणि भावजी पंधरा वर्षं जे काट्यावर येईल त्याला स्टिकर लावत आले होते.

"काल हिला डबा घासताना सापडलं," नाना म्हणाले. आज त्यांनी तोंडावर हात धरला नव्हता. "मला म्हणाली, तुम्हाला कुठे पाठवतायत का?"

वहिनी समोरच्या स्टुलावर बसल्या. "नाना, तुम्ही जेवत का नाही?"

"दात टोचतात. हिने कळवळून केलेलं असतं, म्हणून तसंच परत नेतो आणि घरी पाण्यात कुस्करून खातो. फोन येतात ते दातवाल्याचे. त्याला रोज शिव्या घालतो, आणि शिव्या ऑफिसात बसून घालवत नाहीत म्हणून जिन्यात जातो. दात हप्त्याने घेतलेत. बारा हप्ते, स्थिर दर. बदलत्या दराच्या वाटेला मी जात नाही, एकदा बघितलंय."

त्यांनी खणाचं कुलूप काढलं. आत बँकेची पत्रं होती, तारखेप्रमाणे लावलेली. दर वाढला, मुदत वाढली. दर वाढला, मुदत वाढली.

"हे तुम्ही मला सांगायला हवं होतं," वहिनी म्हणाल्या.

"हवं होतं. पहिलं पत्र आलं तेव्हा सव्विसावं पदक लागत होतं. दादा प्लास्टरचा पाय घेऊन चाकांच्या खुर्चीवरून आले होते, पदक लावायला. तेव्हा सांगितलं असतं की खिळे कमी पडणार, तर त्यांनी परत शिडी मागितली असती. म्हटलं, पुढच्या महिन्यात सांगू. पुढच्या महिन्यात पुन्हा चहा, पुन्हा टाळ्या. मग दादाच गेले. मग तर तुमच्या तोंडावर एकच गोष्ट हसू आणायची, ते पदक. दर महिन्याला चहा प्यायलो आणि मूग गिळून बसलो. ती चूक माझी. ती मी लिहून दिलीय त्यात. चोरी नाही लिहिली."

वहिनींनी कागद वाचला. कर्जाचा शेवटचा हप्ता फिटेल त्या दिवसापासून मला कामातून मोकळं करावं, असं सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं.

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या.

"हो," नाना म्हणाले. "मला विचारलं असतं तर मी तोंड उघडून दाखवलं असतं. मोजून घेतले असते तरी चाललं असतं. पण डबा, वहिनी? सव्वीस वर्षं."

नानांनी खतावणी उघडली आणि कामाला लागले.

त्या दिवसापासून वहिनींना एक नवंच वेड लागलं. त्या बातम्या बघू लागल्या, आणि त्यातही फक्त व्याजदराच्या. दर वाढला तर मुदत वाढेल, मुदत वाढली तर नाना राहतील, असं साधं गणित होतं. दर महिन्याला दर वाढावेत म्हणून डोळे लावून बसलेली, स्वतःच्या डोक्यावर कर्ज असलेली कारखानदारीण त्या सबंध धंद्यात एकटीच असावी. एकदा भावजी खुशीत आत आले आणि दर पाव टक्क्याने उतरले म्हणाले, तर वहिनींनी त्यांच्याकडे असं बघितलं की ते पुन्हा वसुलीला गेले.

शेवटी त्यांनी नानांनाच विचारलं, अगदी सहज विचारल्यासारखं. "नाना, समजा दर एकदम तीस टक्के झाला, तर आपले किती महिने वाढतील?"

नानांनी त्यांच्याकडे चष्म्यावरून पाहिलं. कॅल्क्युलेटरला हात न लावता म्हणाले, "एकही नाही. सहा हप्ते आणि सातवा अर्धवट, तेवढेच."

"असं कसं? तेव्हा साडेतीन टक्क्यांनी एवढे महिने खाल्ले."

"तेव्हा खायला एकतीस लाख होते आणि पाच वर्षं होती. आता पानात चारसुद्धा नाहीत. दर कितीही भुकेला असला तरी खाणार काय? आठवा महिना लागायला दर पन्नासाच्या आसपास जायला हवा. का विचारताय?"

"सर्वसाधारण," वहिनी म्हणाल्या.

नानांनी चष्मा नीट बसवून त्यांच्याकडे पाहिलं. त्या नजरेत संशय होता, आणि इतक्या दिवसांनी त्यांच्या नजरेत काहीतरी दिसलं म्हणून वहिनींना बरंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्या बँकेत गेल्या. नक्षी कोरायचं जुनं यंत्र खरंच रडत होतं, दहातल्या दोन ढाली वाकड्या निघत होत्या आणि मागण्या परत पाठवाव्या लागत होत्या. नवं घ्यायचं दोन वर्षं चाललं होतं.

"मागचं अजून पुरतं फिटलेलं नाही," मॅडम म्हणाल्या. सर्दी तशीच होती.

"म्हणून तर घाई आहे."

"कारण काय लिहू?"

"हिशेबनीस."

मॅडमनी रुमाल बाजूला केला, वहिनींकडे नीट पाहिलं आणि 'यंत्र' असं लिहिलं.

अर्ज आठ पानांचा होता. वहिनींनी तो घरी नेला आणि दुपारभर बसून दोनदा वाचला. प्रत्येक ओळीखाली बोट ठेवून. जिथे कळलं नाही तिथे मॅडमना फोन केला. बदलता दर काय, स्थिर दर काय, दर वाढला तर कुठला आकडा हलतो आणि कुठला जागेवर बसून फसवतो, हे त्यांना आता झोपेत विचारलं तरी सांगता आलं असतं. सगळं पक्कं समजल्यावर त्यांनी पेन उचललं आणि शांतपणे नेमक्या चुकीच्या चौकोनात खूण केली. बदलता दर. हप्ता तोच ठेवून मुदत बदलावी. सहीची जागा तेवढी कोरी ठेवली.

सकाळी त्यांनी अर्ज नानांच्या टेबलावर टाकला. "हे जरा पाठवून द्या. सही करतेच आहे."

नानांनी पहिलं पान उलटलं, दुसरं उलटलं, आणि पाचव्यावर त्यांचा हात थांबला. "सात वर्षं?"

"हो."

"आणि परत हीच खूण?"

"का? चुकीची आहे का?"

"तुम्ही हे वाचलंय का, वहिनी?"

"नाही," वहिनी म्हणाल्या आणि सहीसाठी पेनचं टोपण काढलं. "आठ पानं आहेत. कोण वाचतं?"

नानांनी अर्ज त्यांच्या हाताखालून ओढून घेतला. त्यांनी खूण बघितली, मग वहिनींना बघितलं, मग पुन्हा खूण. आपल्याला कुठेतरी गंडवलं जातंय, असा दाट संशय त्यांच्या चेहऱ्यावर जमा झाला होता, पण गंडवलं जातंय ते नेमकं कुठे, हे काही सापडत नव्हतं. आणि अशा बाईच्या हाती आठ पानं, एक पेन आणि बदलता दर सोडून घरी जाऊन बसणं हे त्यांच्या हाडाच्या हिशेबनिसाला झेपण्यातलं नव्हतं.

"सात नाही. पाच," ते म्हणाले. "पासष्टीनंतर मी जिने चढणार नाही."

"पाच," वहिनी म्हणाल्या.

"आणि डब्याला कुणी हात लावायचा नाही."

"नाही."

नानांनी पायाने स्टूल त्यांच्याकडे ढकललं, चष्मा पुसला आणि अर्ज पुन्हा पहिल्या पानावर आणला.

"बसा," ते म्हणाले. "मी वाचतो. प्रत्येक ओळीला काय कळलं ते मला परत सांगायचं."